‘दुकानदारी’ ही शिवी कोणाची?

मराठी समीक्षेला एखाद्याचा पाणउतारा करायचा झाला की ती बाजारात जाते. कादंबरी वाईट असली तर ती ‘बाजारू’, नाटक वाईट असले तर ते ‘गल्लाभरू’, नट वाईट असला तर तो ‘धंदेवाईक’. आणि एखाद्या संस्थेवरचा सगळाच विश्वास उडाला तर तेथे ‘दुकानदारी चालते’. फौजेच्या मागून चालत तिला धान्य, वैरण, दोर, नाल पुरवणाऱ्या माणसांना आपण ‘बाजारबुणगे’ म्हटले आणि आजही निरुपयोगी गर्दीसाठी तोच शब्द बिनदिक्कत वापरतो. नोकरीच्या वाट्याला फार तर ‘कारकुनी’ एवढा एक शब्द आला आहे, आणि तोही आपण हसत हसत उच्चारतो. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण जिने घडवली त्याच भाषेने तिचा क्रम कधी उलटा केला, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

भाषेची ही सवय निरुपद्रवी आहे, असे आम्ही मानत नाही. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्यांना तर ती तशी मानताच येत नाही. कारण सकाळच्या तासाला ‘साहित्यातील दुकानदारी’वर आसूड ओढणारा प्राध्यापक दुपारी त्याच विद्यार्थ्यांसमोर ‘उद्योजकता विकास कार्यशाळे’तील पाहुण्यांचा परिचय करून देत असतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या (२०२०) अंमलबजावणीबरोबर ‘कौशल्य’, ‘स्टार्टअप’, ‘उद्योजकता’ ही शब्दावली मराठी विभागाच्या दारापर्यंत येऊन पोचली आहे. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असे पाहुणे सांगतात. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांतील कित्येकांचे आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात गेलेले असतात.

या दोन्ही भूमिका आम्हांला सारख्याच खोट्या वाटतात. एक लहान धंद्याचा तिरस्कार करते, दुसरी त्याची खुशामत करते. खऱ्या दुकानाकडे, त्याच्या खातेवहीकडे, त्याच्या उधारीकडे पाहण्याची गरज मात्र दोघींनाही भासत नाही.

आधी आपल्याच अभ्यासक्रमाकडे पाहू. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी ही नावे आपण पाठ करून घेतो. मराठी कवितेचा पाया घातलेल्या या मंडळींच्या नावापुढे त्यांचा धंदा कायमचा चिकटलेला आहे. तरीही वर्गात आपण तो धंदा एक रूपक म्हणून शिकवतो आणि पुढे सरकतो. माती म्हणजे देह, कात्री म्हणजे विवेक, मळा म्हणजे भक्ती! नामदेव नर्सीचे, गोरोबा तेरचे. म्हणजे दोघेही आमच्या मराठवाड्याचे. त्यांच्या मातीचा, कापडाचा, गिऱ्हाइकाचा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला कळणार नाही, तर कोणाला कळेल?

नरहरी सोनाराची आख्यायिका घ्या. विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा घडवण्याचे काम त्याला मिळते. शैव असल्यामुळे तो मूर्तीकडे पाहायला तयार नाही. म्हणून गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या मापावर दागिना घडवतो. दागिना बसत नाही, परत येतो. तो दुरुस्त करून देतो, पुन्हा बसत नाही. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून तो स्वतः माप घ्यायला जातो. ही कथा आपण हरिहर-ऐक्याची म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेही. पण तिचा सांगाडा ऑर्डरीचा, मापाचा, परत आलेल्या मालाचा आणि पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचा आहे. साक्षात्कार त्याला माप घेताना होतो. कारागिराची अब्रू म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या समाजातच अशी कथा जन्माला येऊ शकते. आमच्या टिपणवह्यांत मात्र तिचे ‘समन्वयवादी भूमिका’ असे एका ओळीचे उत्तर होते, दोन गुणांचे.

तुकोबांच्या बाबतीत तर आपण याहून मोठी चोरी केली आहे. देहूच्या महाजनकीचे घर, दुकान, सावकारी, १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, दिवाळे, आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग. हे सारे आपण ‘वैराग्य’ या एका शब्दात गुंडाळतो. परंपरेने जपलेल्या या प्रसंगात दुष्काळानंतर कुळांकडून वसुली करण्याचा हक्क एक सावकार स्वतः सोडून देतो आहे, हे ज्या जिल्ह्यात दर दोन-तीन वर्षांनी दुष्काळाची चर्चा होते तेथेही वर्गात कोणी बोलत नाही. तुकोबा व्यवहारातून हरून देवाकडे गेले असे आपण सांगतो. व्यवहार काय असतो हे त्यांना पुरते कळले होते, असेही म्हणता येईल. आम्ही तसेच म्हणतो.

सरकारने मात्र ही यादी नीट वाचलेली दिसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी (मराठवाडा मुक्तिसंग्रामाचाही तोच दिवस, हा केवळ योगायोग) सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी, कुंभार, सोनार, न्हावी त्यांत आहेत. माळी नाही, पण हार गुंफणारा आहे. जणू पंढरीची दिंडीच अर्जाच्या रांगेत उभी केली आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखाचे व मग २ लाखांचे कर्ज. यात वाईट काही नाही. पण यातील गुरु-शिष्य परंपरेचा, पिढीजात कसबाचा गौरव ऐकताना आमच्या अंगावर काटा येतो. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला तो नेमक्या याच कारणासाठी. त्या नकाराचे राजकारण बाजूला ठेवले तरी आक्षेप खोटा ठरत नाही. जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की कारागिरीच्या गोडव्यांना पुरेसा उतारा मिळतो. बलुत्यात कारागिराला कामाचा दाम नव्हता, त्याला खळ्यावरचा वाटा होता. आणि कोणाचा वाटा किती व तो कोणत्या शब्दांत मागायचा, हे जातीने ठरवून दिले होते.

म्हणून लहान धंद्याची बाजू घेताना आम्ही बलुतेदारीची बाजू घेत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. उलट, खुल्या बाजारातही तिची सावली संपलेली नाही. किराणा दुकान कोणीही काढू शकतो असे कायदा म्हणतो. पण धंद्याला गिऱ्हाईक लागते, आणि खेड्यात गिऱ्हाईक चहाची टपरी कोणाची आहे हे पाहून मग चहा मागते. कर्जाच्या कोणत्याही योजनेत या अडचणीसाठी रकाना नाही. कार्यशाळेला आलेल्या पाहुण्यांना आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारावा अशी आमची फार इच्छा आहे. तो विचारत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक असते.

आधुनिक वाङ्मयाकडे वळले तर चित्र आणखी विरळ होते. मराठी ग्रामीण कादंबरीत शेतकरी आहे, मजूर आहे, मास्तर आहे, पुढारी आहे. दुकानदार बहुधा सावकाराच्या रूपात येतो, पाप करतो आणि जातो. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधला बापू सुपारीच्या व्यापारात हात घालतो, ही त्या कादंबरीतील मोठी घटना आहे. आपल्या परीक्षांत मात्र राधा आणि कोकणचे निसर्गवर्णन यांवरच प्रश्न येतात. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२) मधला शिकलेला एकनाथ नोकरी मिळत नाही आणि शेती परवडत नाही या दोन भिंतींमध्ये चेंगरतो. ते चेंगरणे खरे आहे. आम्ही ते रोज वर्गात पाहतो. पण या दोन भिंतींपलीकडे गावात तिसरेही काही असू शकते, याची कल्पनाच त्या पिढीच्या मनाला का शिवत नाही, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा होता.

भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेचेही तेच. भाव नाही म्हणून बाजारात आणलेले टोमॅटो स्वतःच्या पायांनी तुडवणारा बाप महाराष्ट्रातल्या मुलांच्या अनेक पिढ्यांना पाठ्यपुस्तकातून भेटला. वर्गात डोळे ओले होतात आणि स्वाध्याय सुरू होतो. त्या बाजारात टोमॅटो विकत घेऊन ते टिकवणारा, सुकवणारा, बाटलीत भरणारा कोणीच का नव्हता, असे कोणी विचारले की त्याला अरसिक ठरवले जाते. आमच्या मते तो प्रश्न कथेच्या बाहेरचा नाही. बापाचा संताप ज्या पोकळीत घुमतो, तिचे नाव विचारणारा तो प्रश्न आहे.

एके काळी मराठी गद्य या बाबतीत इतके लाजाळू नव्हते. लोकहितवादींनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले; मराठीत अर्थशास्त्र सांगण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न. जोतीराव फुले कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाचे कंत्राट त्यांच्याकडे होते, आणि मजूर, इंजिनिअर व पैसा यांच्या नात्याविषयी ते लिहितात ते त्या अनुभवातून. विलायती मालाने इथल्या कारागिरांची कशी उपासमार केली हे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आहे. बेळगावात १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. विसाव्या शतकातील मराठी कथा आणि स्त्रीविषयक लेखनाचा केवढा तरी भाग एका नांगराच्या कारखान्याच्या छायेत वाढला. त्या मासिकांच्या वाङ्मयीन कामगिरीवर प्रबंध होतात. ‘दुकानदारी’ म्हणून नाक मुरडताना मात्र हे आपल्याला आठवत नाही.

किर्लोस्करांची कथा कार्यशाळांतही सांगितली जाते, पण अर्धी. जिद्द, चिकाटी, स्वप्न, एवढीच. बेळगावातून बस्तान हलवावे लागले तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा भाग गाळला जातो. राज्यसत्तेने योग्य वेळी जमीन दिली नसती तर चिकाटीचे काय झाले असते, हे विचारणे आजच्या पाहुण्यांना सोयीचे नसते. कारण मग गेवराईच्या मुलाला ‘तू उद्योजक हो’ म्हणण्याआधी त्याला काय देणार, हे सांगावे लागते.

आता गेवराईकडेच येऊ. इतिहासाच्या पुस्तकात हा तालुका राक्षसभुवनच्या लढाईपुरता (१७६३) येतो. उत्तरेला गोदावरी, तालुक्यातून जाणारा जायकवाडीचा उजवा कालवा, गावाला खेटून धुळे-सोलापूर महामार्ग, रेल्वे नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला रेल्वे पोचली. तो मार्गही या तालुक्यातून जात नाही. इथे कापूस पिकतो, जिनिंगमध्ये त्याची सरकी निघते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रकने गुजरातेत, तमिळनाडूत रवाना होतात. त्याच कापसाचा शर्ट तयार होऊन परत येतो आणि गेवराईचा शिंपी त्याची बाही आखूड करून देतो. नामदेवांच्या व्यवसायाचे आज उरलेले रूप हे. सूत, कापड, रंग, शिलाई या मधल्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे ज्यांत मोल वाढते त्या, दुसरीकडे आहेत. या पायऱ्या इथे का रुजल्या नाहीत याचे उत्तर ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे नव्हे. विजेचे दर, भांडवल, वाहतूक आणि सूतगिरण्यांचे राजकारण यांत ते शोधावे लागेल.

भांडवलाविषयी एक विरोधाभास आम्हांला अस्वस्थ करतो. बीड जिल्ह्यात गरीब कुटुंबाला विनातारण, विनाकागद, लाखाच्या घरातील रक्कम मिळण्याची एक खात्रीची व्यवस्था आहे. तिचे नाव उचल. साखर कारखाना मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला देतो; कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पैसे आधी मिळतात आणि फिटेपर्यंत ऊस तोडावा लागतो. हीच जोडी गावात राहून पिठाची गिरणी घालायची म्हणाली, तर तिला ‘प्रकल्प अहवाल’ मागितला जातो. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या, ‘शिशु’ गटाची मर्यादा ५० हजार रुपये. त्यात शिलाई यंत्र येते, दुकानात भरायचे कापड येत नाही. तारण नको असे योजना म्हणते. बँकेच्या टेबलावर तारणाऐवजी ओळख, हमी आणि हेलपाटे मागितले जातात. माणसाला गाव सोडायला लावणारे कर्ज सुलभ आणि गावात राहू देणारे दुर्लभ, अशा या व्यवस्थेत ‘उद्योजकता’ हा शब्द मुकादमाला सर्वांत चपखल बसतो.

बँक दुरावली की दुकानदार कोठे जातो? पतसंस्थेत. संध्याकाळी दुकानावर येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जाणारा पिग्मी एजंट हा लहान गावांचा खरा बँकर. ही कल्पना १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने काढली. लहान माणसाची रोजची बचत गोळा करणारी, मूळची चांगली कल्पना. बीड जिल्ह्यात तिचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेशी संबंधित उद्योगसमूहावर ऑक्टोबर २०२३ मध्ये प्राप्तिकर विभागाचे छापे पडले. त्यानंतर ठेवीदारांना पैसे मिळेनासे झाले. २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, सक्तवसुली संचालनालयाचा तपास सुरू झाला. ठेवीदार लाखोंच्या संख्येने, रक्कम हजारो कोटींची. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण काही गोष्टी कोणत्याही निकालाआधीच स्पष्ट आहेत. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. बहुराज्यीय संस्थेचा निबंधक दिल्लीत असतो. म्हणजे गेवराईच्या रसवंतीवाल्याने आपल्या रोजच्या शंभर रुपयांविषयी दाद मागायची ती दिल्लीत.

ज्या संस्था उभ्या राहिल्या त्याही ‘स्थानिक उद्योजकतेच्या यशोगाथा’ म्हणूनच व्यासपीठांवरून सांगितल्या जात होत्या, हे विसरू नये. आपल्या भाषेत यशोगाथेला वाङ्मयप्रकार म्हणून कोणी तपासत नाही. आत्मचरित्राची इतकी चिकित्सा करणाऱ्या समीक्षेने या प्रकाराला सवलत का दिली?

कायद्याचेही असेच. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते करणे बंधनकारक केले; उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजही लावले. तालुक्याच्या गावातील कोणत्याही छापखान्यात जाऊन विचारा, सरकारी आणि निमसरकारी कामाचे बिल ४५ दिवसांत कधी मिळाले का. पण त्यातही मेख आहे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणीची दारे पुन्हा उघडली गेली ती केवळ प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरती. थकलेल्या बिलाविरुद्धचे संरक्षण त्यांना नाही. छापखानदार उत्पादक म्हणून आत, त्याला कागद पुरवणारा दुकानदार बाहेर. म्हणजे ‘दुकानदारी’ला कमी लेखणारे आम्ही मराठीचे लोकच नव्हे, राष्ट्रीय अर्थव्यवस्थाही आहे. १९६७ पासून लघुउद्योगांसाठी वस्तू राखीव ठेवल्या जात होत्या. त्या यादीतल्या उरलेल्या शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये खुल्या झाल्या. त्यांत शालेय वह्या होत्या, लोणची होती, पाव, उदबत्त्या होत्या. राखीव धोरणात दोष पुष्कळ होते; मोठे होण्याची भीतीच त्याने उद्योगाला घातली, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण स्टार्टअप इंडियाचा गाजावाजा झाला तो त्यानंतर नऊ महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये. वही शिवणाऱ्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही.

मराठीच्या प्राध्यापकांनी अर्थशास्त्रात नाक खुपसू नये, असा आक्षेप येईल. त्याला लोकहितवादींचे नाव हे पुरेसे उत्तर आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: साहित्याला बाजारापासून वाचवणे हेच तर समीक्षेचे काम, आणि तुम्ही बाजाराची वकिली करता. यावर आमचे म्हणणे असे की बाजार ही एक वस्तू नाही. मॉलचा मालक आणि आठवडी बाजारात पाल टाकून बसणारी बाई यांना एकाच शब्दात कोंबून आपण पहिल्यावर टीका केल्याचे समाधान मिळवतो आणि अपमान दुसरीचा करतो. शिवाय मराठी पुस्तक छापणारा प्रकाशक, ते उधारीवर ठेवणारा विक्रेता, साठोत्तरी लघुनियतकालिके पदरमोड करून छापून घेणारे संपादक हे सारे लहान धंद्याच्या गणितावरच जगले आणि बुडाले. त्यांची ‘दुकानदारी’ बंद पडली तेव्हा श्रद्धांजलीचे लेख आपणच लिहिले.

तेव्हा पुढची उद्योजकता कार्यशाळा जो विभाग भरवील त्याने पाहुणा बाहेरून आणू नये. बाजारपेठेतला, पिग्मी बुडालेला कापडदुकानदार बोलवावा. तो पीपीटी आणणार नाही, खातेवही आणील. तिच्यातील अडत, हमाली, तोलाई, भिशी, उधारी हे शब्द मराठीच्या विद्यार्थ्यांनी अर्थासह उतरवून घ्यावेत. कोणते गिऱ्हाईक उचल मिळाल्यावर येते आणि कोणते पाडव्यानंतर, कोणाची उधारी तो लिहितो आणि कोणाची लिहिण्याचे धाडस करत नाही, आणि त्याचा स्वतःचा मुलगा कोणत्या शहरात कोणत्या परीक्षेची तयारी करतो आहे, एवढे त्याला विचारावे.